नानांना उठवायचं की पडू द्यायचं?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा:

सासरे ७२ वर्षांचे. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. सगळा जन्म कपाशीच्या शेतात गेला. पाच महिन्यांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोट उघडून. नंतर केमोची चार सायकल झाली, शेवटची होऊन तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली आहे, आता ठरलेल्या तारखांना दाखवत राहा. पण नानांचं वजन ६६ वरून ५१ किलोवर आलंय, मांड्या वाळल्यात, बाजेवरून उठवायला दोन माणसं लागतात. डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली, तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट मॅडम यायला लागल्या, एका भेटीचे ४०० रुपये. सहाव्या दिवशी मांड्या इतक्या ठणकल्या की नाना रात्रभर कण्हत होते. सासूबाई रडल्या, 'एवढं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला छळता का?' चुलत सासऱ्यांनी निकाल दिला, 'आता नुसता आराम.' फिजिओ बंद झाली. सूनबाई एकटीच दुपारी थोडं उभं करायला बघतात, तर शेजारच्या बाया म्हणतात, 'सून म्हाताऱ्याला कवायत करायला लावते.' आणि नाना एवढंच म्हणतात, 'मन्हा पायस्मा जोरच नही ऱ्हायना.'

सूनबाई विचारतात: 'वय झालंय, एवढं दुखणं काढलंय. त्यांना शांत पडू द्यावं का? उठवलं तर मी वाईट ठरते. नाही उठवलं तर ते रोज थोडे थोडे कमी होताना दिसतात.'

ताई,

नानांना उठवायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हालाही मनातून तेच वाटतंय आणि कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं आहे. आता कसं उठवायचं, किती उठवायचं आणि कुणी उठवायचं, हे तीन प्रश्न उरतात. तुमच्या घरात गाडी अडलीय ती माझ्या मते तिसऱ्या प्रश्नावर. पण आधी नानांच्या मांड्यांकडे बघू.

'रोज थोडे थोडे कमी होताना दिसतात' असं तुम्ही लिहिलंत. तुमची नजर अगदी बरोबर आहे. घरातले बाकीचे मात्र एक गोष्ट धरून चालले आहेत: दुखणं गेलं, आता अशक्तपणा तेवढा राहिला, आराम केला की तो आपोआप भरून येईल. मलेरिया-टायफॉइडमधून उठलेला तरुण गडी तसा भरून येतो, म्हणून हा समज पक्का झालाय. नानांचं तसं नाही. कॅन्सर असताना शरीरात आतून दाह चालू असतो, त्यात स्नायू झिजतात. ऑपरेशनचा घाव भरायला शरीराला प्रथिनं लागतात, ती ते स्वतःच्याच स्नायूंतून उचलतं. मग उपास, केमोतली मळमळ, तोंडाची गेलेली चव. त्यात वय. सत्तरीत खाल्लेल्या घासातून स्नायू बांधायची शरीराची ताकद चाळिशीसारखी राहत नाही. आणि या सगळ्याच्या वर ती बाज.

बाजेचं मी मुद्दाम वेगळं सांगते. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ निरोगी ज्येष्ठ माणसं, सरासरी वय ६७. त्यांना फक्त १० दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. जेवण व्यवस्थित, आजार काहीच नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. त्यांना ना कॅन्सर होता, ना केमो. नाना पाच महिने बहुतेक वेळ आडवे आहेत. म्हणजे ज्या आरामाला घरात औषध म्हणतात, तोच आता दुखण्याचा एक भाग झालाय. जिजींना (तुमच्या सासूबाईंना तुम्ही पत्रात जिजी म्हटलंय, मीही म्हणते) हे सांगताना मात्र 'तुमच्यामुळे झालं' असा सूर चुकूनही लागू देऊ नका. त्यांनी सेवाच केली आहे.

वय आणि आजारपणामुळे होणाऱ्या या स्नायूंच्या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द १९८९ मध्ये सुचवला गेला. तो मुद्दाम लिहिते, कारण 'म्हातारपणच ते' म्हटलं की माणूस हात टेकतो, आणि 'सार्कोपेनिया आहे' म्हटलं की उपचार विचारतो. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांत घरीही करता येतील अशा दोन खुणा आहेत. पोटरी सगळ्यात जाड असते तिथे टेप लावायची: पुरुषांत ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी, बायकांत ३३ पेक्षा कमी भरली तर संशय घ्यायचा. दुसरी खूण, हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं. त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. नानांची दुसरी चाचणी आत्ता घेऊच नका, ते पडतील. पोटरी मात्र आज मोजा, आकडा आणि तारीख लिहून ठेवा. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपल्या घरातल्या ज्येष्ठांची दुसरी चाचणी घ्यावी, शेजारी कुणीतरी उभं राहून.

वजनकाट्यावर मात्र भरवसा ठेवू नका. नुसता आराम आणि गोड-तुपाचं खाणं चालू राहिलं तर नानांचं वजन चार-पाच किलोने वाढेलही. घरात पेढे वाटले जातील. पण ती चरबी असेल, पोटावर बसलेली. मांडी तशीच वाळलेली राहील आणि तिला वाढलेलं पोट उचलावं लागेल.

आता 'वय झालंय' याबद्दल. १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजन उचलण्याचे व्यायाम दिले. जमेल तेवढं हलकं-फुलकं नाही, चांगलं जड वाटेल असं वजन, देखरेखीखाली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. म्हणजे जवळपास पावणेतीनपट. नव्वदीतल्या स्नायूलाही काम दिलं की तो बांधला जातो. नाना तर ७२ चे.

आणि कॅन्सरबद्दलही एक ताजी गोष्ट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ जणांवरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना तीन वर्षं नियमित व्यायामाचा कार्यक्रम दिला, त्यांच्या मागे लागायला माणूसही दिला. बाकीच्यांना व्यायाम-आहाराची माहितीपुस्तिका. पाच वर्षांनंतर कॅन्सर न उलटता हयात असलेले लोक व्यायामवाल्यांत ८० टक्के होते, पुस्तिकावाल्यांत ७४ टक्के. यावरून नानांना मी कसलंही वचन देत नाही. त्या अभ्यासातली माणसं चालती-फिरती होती, बरीचशी नानांपेक्षा तरुण होती. पण व्यायामाने कॅन्सरच्या पेशंटचं वाईट होतं, ही भीती मनातून काढायला एवढं पुरे.

एक प्रश्न डॉक्टरांना तुम्ही स्वतः स्पष्ट विचारा: 'आजार पूर्ण काढला आहे ना? हाडांत किंवा दुसरीकडे काही नाही ना?' तुमच्या पत्रावरून तसंच दिसतंय, आणि तसं असेल तर 'शेवटचे दिवस' ही भाषा घरातून काढून टाका. नाना शेवटच्या दिवसांत नाहीत. ते बरे होण्याच्या मधल्या टप्प्यावर अडकले आहेत. ज्यांच्या घरी आजार पसरलेला आहे, त्यांच्यासाठी ध्येय वेगळं असेल, पण स्वतःच्या पायांनी संडासपर्यंत जाता येणं हे त्यांनाही हवंच असतं.

आता सेवेबद्दल. आपल्याकडे आजारी माणसाला स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घेऊ द्यायचं नाही, ताट बाजेवर द्यायचं, कूस बदलायलाही कुणीतरी पळत यायचं, याला सेवा म्हणतात. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, पंचवीस वर्षं हेच काम करते, आणि माझ्या आईच्या ऑपरेशननंतर मीच हे केलं. दवाखान्यात दुसऱ्यांच्या आयांना मी तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालवायचे. घरी आल्यावर माझी आई 'उठू का गं?' विचारायची आणि मी म्हणायचे, 'पड गं, मी आहे ना.' दीड महिन्याने ती न्हाणीत बसली ती उठेना. दाराबाहेर मी उभी, आत ती भिंत चाचपत होती आणि मला हाक मारायची तिला लाज वाटत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या दिवसापासून घरी मी तिच्या हातातून तांब्या घ्यायचं बंद केलं. म्हणून जिजींचं रडणं मला कळतं, खरंच कळतं.

आणि नानांचं 'नको' सुद्धा जरा थांबून ऐका. ते हट्ट करताहेत असं घरच्यांना वाटतं. मला पत्रात तीन गोष्टी दिसल्या. एक, भीती. एकदा पाय लटपटले की माणूस पुन्हा त्या पायावर विश्वास टाकायला घाबरतो. दोन, माणसं. नानांची बाज ओट्याला लागून पुढच्या खोलीत आहे, भेटायला येणारे समोर बसतात, आणि फिजिओ त्यांच्यासमोरच चालायची. ज्या माणसाने गावात कापसाची गाठोडी खांद्यावर वाहिली, त्याने चार लोकांसमोर बाजेवरून उठायला धडपडायचं? तीन, तुम्ही. राग मानू नका. सासऱ्याच्या दंडाला सुनेने धरायचं, त्यांनी सुनेवर भार टाकून उभं राहायचं, हे आपल्याकडच्या सासऱ्याला फार जड जातं. तुम्हाला काही वाटत नसेल, त्यांना वाटतं. म्हणून मघाशी म्हटलं, अडलंय ते 'कुणी' यावर.

तेव्हा पहिला बदल हा: धरायला तुमचे यजमान. सकाळी शेतात जायच्या आधी वीस मिनिटं, संध्याकाळी आल्यावर दहा मिनिटं. त्यांचे वडील आहेत, त्यांना ही वेळ काढावी लागेल, आणि हे त्यांना तुम्ही नाही, डॉक्टरांनी सांगू दे. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. दुसरा बदल: दार लोटून घ्या. लोक बाहेर ओट्यावर थांबतील. तिसरा: मोजायला नातवाला बसवा. सहावीतला पोरगा 'नाना, अजून दोन' म्हणाला तर आजोबा उठतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय.

आता कसं उठवायचं. तुमच्या घरातली बाज नवारीची आहे, मधे झोळ पडलेली आणि बुटकी. अशा बाजेवरून धडधाकट माणूसही हात टेकून उठतो. खोल बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात, मग उठायला बरीच जास्त ताकद लागते. म्हणून व्यायामाच्या आधी बाज उंच करा. सुताराकडून खोबण असलेले चार ठोकळे करून घ्या म्हणजे पाय घसरणार नाहीत. तोपर्यंत प्रत्येक पायाखाली एकेक आडवी वीट चालेल, पण नानांना बसवण्याआधी स्वतः बसून, हलून बघा. बसायच्या कडेला आडवी फळी टाकून वर गोधडी घाला. नाना कडेला बसले की पाय पूर्ण जमिनीला टेकलेले आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली, एवढी उंची हवी. निम्मं काम एवढ्यानेच होईल. दोन माणसांऐवजी एक लागेल, कदाचित पहिल्याच दिवशी.

मग उठण्याची रीत. आधी कडेला सरकायचं. दोन्ही टाचा मागे, गुडघ्यांच्या आत घ्यायच्या. बहुतेक म्हातारी माणसं पाय पुढे पसरून उठायला बघतात आणि मागे पडतात. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. इथे नाना घाबरतील, तोंडावर पडू असं वाटेल, म्हणून समोर एक जड, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मग दिवा विझवताना घालतात तशी फुंकर सोडत उठायचं. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, त्याने पोटाच्या टाक्यांवर ताण येतो. उभं राहिलं की पाच आकडे थांबायचं, डोळ्यांपुढे अंधारी येते का बघायचं. बसताना धपकन नाही. 'एक, दोन, तीन, चार' म्हणत सावकाश. या हळू बसण्यात मांडीला उठण्याइतकंच काम मिळतं. आणि धरणाऱ्याने दंड किंवा बगलेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. बाजूला उभं राहायचं, एक हात पाठीवर खाली, दुसरा हात त्यांनी धरायला पुढे. जोर नानांचा, आपला फक्त आधार.

असं सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून दोनदा. पाच होत नसतील तर तीन. सोपं वाटायला लागलं की आठ, मग दहा-बारा. बारा सहज झाले की बाज थोडी खाली आणा. मोजपट्टी ही: शेवटचे एक-दोन वेळा जड वाटले पाहिजेत, पण बोलता येईल इतका दम उरला पाहिजे. काहीच जड वाटत नसेल तर स्नायू बांधला जाणार नाही. फिजिओ मॅडम नेमकं हेच करत होत्या, बहुधा जरा घाईने.

बाकीचे व्यायाम त्यांच्याकडूनच परत बसवून घ्या, पण अंदाज यावा म्हणून सांगते. खुर्चीत बसून एकेक पाय गुडघ्यातून सरळ करायचा, घोट्याला अर्धा किलो तुरीची डाळ भरलेली कापडी पिशवी बांधून. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या. त्याच गजांना सायकलची जुनी ट्यूब अडकवून दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची, पाठ आणि दंडांसाठी. हे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. सुटीच्या दिवशी स्नायू स्वतःला बांधतो, ती सुटी आळस समजू नका. चालणं मात्र रोज, आणि एकदम नको. दर दोन-अडीच तासांनी दारापासून कडुनिंबापर्यंत, पाच मिनिटं. दिवसभरात आडवं पडणं कमी करणं हाच मोठा व्यायाम आहे. जेवण बाजेवर देऊ नका, खुर्चीत बसवून द्या.

पोट उघडून ऑपरेशन झालंय, तेव्हा वजन किती उचलू द्यायचं आणि पोटाचा पट्टा लावायचा का, हे सर्जनना विचाराच. साधारण पहिले सहा आठवडे जड उचलायला मनाई असते, ते नानांचे कधीच उलटले, पण व्रणाच्या जागी फुगवटा दिसतो का हे तपासून घ्या. तशी तपासणी झाल्याशिवाय पाण्याची बादली नको. झोपेतून उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचं. खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धरायची. ज्यांना पोटावर शौचाची पिशवी आहे, त्यांनी व्यायामाआधी ती रिकामी करावी आणि पोटावर जोर येणारे प्रकार विचारल्याशिवाय करू नयेत.

आणखी एक, नानांना विचारा, फरशीचा गारवा पायाला कळतो का? केमोच्या काही औषधांनी तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, आणि मग जमीन पायाखाली नीट कळत नाही. पाय लटपटण्यात त्याचाही वाटा असेल. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, घरात मागून पट्टा असलेली चप्पल घाला, अंधारात उठू देऊ नका, आणि तळपाय रोज बघा, काच-काटा लागला तरी त्यांना कळणार नाही.

त्या सहाव्या दिवसाच्या दुखण्याबद्दल. दोन्ही मांड्या, दाबलं की ठणकणाऱ्या, उठता-बसता जास्त, थोडं हललं की मोकळ्या होणाऱ्या, दोन-तीन दिवसांत कमी होणाऱ्या. तुमच्या वर्णनावरून हे असंच दिसतं. कापूस वेचणीच्या पहिल्या दिवसानंतर कंबर कशी भरून येते? दुसऱ्या दिवशी आपण वेचणी सोडत नाही. हे दुखणं म्हणजे स्नायूने कामाची दखल घेतली, एवढंच. त्या दिवशी व्यायाम निम्मा करायचा, शेक द्यायचा, बंद करायचा नाही. मी जिजींच्या जागी असते तर मलाही भीती वाटली असती, कारण हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं, आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट इथे फार वेळा कमी पडतो.

पण दुसरं दुखणंही ओळखता आलं पाहिजे. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, घेरी, ताप, व्रणातून पाणी किंवा पू, रात्री झोपेतून जागं करणारं नवं पाठीचं किंवा हाडाचं दुखणं, शौचातून रक्त, यातलं काही दिसलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. केमो होऊन तीनच आठवडे झालेत, तेव्हा सुरू करण्यापूर्वी एकदा हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तपासून घ्या.

व्यायामाइतकंच महत्त्वाचं ताट. पत्रात लिहिलंय, नानांना पातळ मूगखिचडी, साबुदाण्याची पेज आणि मोसंबीचा रस चालू आहे. पोटाला हलकं म्हणून हे दिलं जातं. यात स्नायू बांधायला फार थोडं आहे, साबुदाण्यात तर जवळजवळ काहीच नाही. कॅन्सरमधून उठणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५१ किलोला म्हणजे रोज ६० ग्रॅम तरी. नाना माळकरी आहेत, अंडं चालणार नाही, तरी आपल्या घरातूनच भागतं. दिवसभरात दोन मोठे पेले दूध, १६ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, १४. दादरच्या (ज्वारीच्या) दोन भाकरी, १०. मूठभर दाण्यांचा कूट, साडेसात. वाटीभर दही, ५. पन्नास ग्रॅम पनीर, ९. झाले साठ. दादरऐवजी कळण्याची भाकरी केली तर उडदामुळे आणखी भर पडते. कढी-फुणके हा तर या कामासाठी उत्तम पदार्थ, डाळ आहे, वाफवलेली आहे, मऊ आहे. फक्त तिखटाला हात आखडता घ्या. एका वेळी सगळं जात नाही, म्हणून दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि व्यायामानंतर अर्ध्या-एक तासात दूध किंवा दाण्याचा लाडू. तोंडाला कडू-लोखंडी चव येत असेल तर लिंबू पिळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! त्या दिवसांत व्यायाम सकाळी आठच्या आत.

पैशाचं. रोज ४०० रुपये देणं शेतकरी घराला परवडणारं नाही, आणि गरजही नाही. मॅडमना फोन करा, झालं ते मोकळेपणाने सांगा आणि विचारा, 'आठवड्यातून एकदा याल का? आम्हाला शिकवा, वहीत लिहून द्या, बाकीचे दिवस आम्ही करतो.' महिन्याभराने पंधरा दिवसांतून एकदा पुरेल. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तपासणीला त्या बाजूला जाणं झालं तर तिथल्या रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करा. तेल मालिश करणारा, हाडं बसवणारा मात्र नको. मालिशने बरं वाटतं, स्नायू बांधला जात नाही, आणि पोटावर तर हात लावूच देऊ नका.

किती दिवस लागतील? पहिल्या दोन-चार आठवड्यांत मांडी दिसायला तशीच असेल, पण उठणं थोडं हलकं होईल, कारण आधी नसा आणि स्नायू यांची जुळणी सुधारते. मांडी भरायला आठ ते बारा आठवडे. पाच महिन्यांत गेलेलं महिन्यात येणार नाही. मधे एखादा आठवडा मागेही जाईल, जुलाब झाले, ताप आला की. तेव्हा खचू नका, दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा.

नानांना 'व्यायाम करा' म्हणू नका. तुम्ही ओझरतं लिहिलंय, यंदा वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा चुकली, बोरी नदीच्या पात्रात रथ बघायला गेले नाहीत असं पहिल्यांदाच झालं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. सगळ्या पत्रात नानांनी स्वतःहून काही मागितलेलं ही एकच गोष्ट आहे. पुढच्या वैशाखाला भरपूर महिने आहेत. त्यांना विचारा, रथाला जायचं का? वाळूत चालायला, गर्दीत तासभर उभं राहायला काय काय लागेल, ते नातवाबरोबर बसून मोजा. बाजेवरून एकट्याने उठणं, मग उंबरा, मग ओट्याच्या तीन पायऱ्या, मग मंदिरापर्यंत. इतकं करूनही ते गप्पच राहिले, जेवणात, माणसांत, कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. मोठ्या आजारानंतर येणाऱ्या उदासीवरही उपचार असतात.

शेजारच्या बायांना उत्तर देत बसू नका. ज्या दिवशी नाना ओट्यावर स्वतः येऊन बसतील, त्या दिवशी त्याच तुम्हाला विचारायला येतील, आमच्याकडेही एक पडून आहेत, काय केलंत म्हणून. तेव्हा त्यांना बाज उंच करायचं पहिलं सांगा.

आणि जिजींना कामातून बाजूला काढू नका. व्यायाम चालू असताना त्यांना स्वयंपाकघरात पाठवलंत तर त्या आतून कण्हणं ऐकत रडतील. त्यांना समोर बसवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली नाना किती वेळा उठले तो आकडा लिहायचं काम त्यांचं. लिहिता येत नसेल तर रेघा ओढू द्या. आठ आठवड्यांनी त्या कॅलेंडरवरचे आकडे आणि पोटरीचं माप मला नक्की कळवा. पहिल्या दिवसाचाही आकडा लिहा, नाना एकदाच उठले असले तरी.